सरळ केलेली नदी पुन्हा वाकडी करताना

नदीचे पात्र खोल आणि सरळ केले की पुराचे पाणी लवकर निघून जाते, हे आपण सहज बोलून जातो. खोलीकरण, सरळीकरण हे शब्दही आता गावोगावी ओळखीचे झाले आहेत. पण सरळ झालेल्या नदीचे पुढे काय होते? अमेरिकेत फ्लोरिडा राज्यातील किसिमी नदीवर या प्रश्नाचे उत्तर मिळाले आणि ते सरकारला बरेच महागात पडले.

किसिमी ही सपाट प्रदेशातून संथ वाहणारी नदी. नागमोडी वळणे घेत 166 किलोमीटर जाऊन ती ओकीचोबी तलावाला मिळत असे. दोन्ही बाजूंना दीड ते तीन किलोमीटर रुंदीचा पाणथळ पट्टा होता. पावसाळ्यात पाणी त्यात पसरायचे आणि महिनोन्महिने सावकाश ओसरायचे. 1947 साली लागोपाठ आलेल्या चक्रीवादळांनी तेथे मोठे पूर आले. लोकांनी बंदोबस्ताची मागणी केली, आणि 1962 ते 1971 या काळात नदीच्या जागी 90 किलोमीटर लांब, 9 मीटर खोल असा जवळजवळ सरळ कालवा खणण्यात आला.

पूर आटोक्यात आले, हे मान्य केले पाहिजे. पण कालव्यात दारे बसवून पायऱ्यांसारखे पाच टप्पे केलेले होते. एरवी पाणी त्यात साचून राही. खोल, साचलेल्या पाण्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो. त्यामुळे बास जातीचे मासे घटले आणि पृष्ठभागावर येऊन हवेतला प्राणवायू घेऊ शकणारे गार व बोफिन हे मासे वाढले. पाणथळ पट्टा कोरडा पडून तेथे गुरे चरू लागली. हिवाळी पाहुणी बदके नव्वद टक्क्यांहून अधिक कमी झाली. पाण्यात उभे राहून मासे टिपणाऱ्या बगळ्यांच्या जागी गुरांच्या मागे फिरणारे गायबगळे आले!

कालवा पुरा होतो न होतो तोच लोक आणि शास्त्रज्ञ तक्रार करू लागले. 1976 साली राज्याच्या विधिमंडळाने नदीच्या पुनरुज्जीवनासाठी कायदा केला. पण कायदा केल्याने नदी परत येत नाही. नदीला पसरू द्यायचे, तर तिच्या काठची जमीन मोकळी हवी आणि ती होती गुरे पाळणाऱ्यांच्या मालकीची. आमच्या मते राज्याने सर्वांत शहाणपणाचे काम केले ते येथे. 1981 सालच्या कायद्याने मालमत्तेच्या दस्तांवरील मुद्रांक शुल्काचा काही भाग नद्यांकाठच्या जमिनी विकत घेण्यासाठी राखून ठेवला. दरवर्षी नव्याने हात पसरावे लागू नयेत, अशी ही सोय होती. किसिमीच्या खोऱ्यात अशा रीतीने सुमारे 40,000 हेक्टर जमीन हाती आली. काही ठिकाणी जमीन मालकाकडेच ठेवून तीवर पाणी येऊ देण्याचा हक्क तेवढा विकत घेतला. (झाडे लावताना मंत्र्यांची छायाचित्रे निघतात, खरेदीखतांची कोण काढणार?)

दरम्यान 1984 पासून एक प्रयोग झाला. कालव्यात आडभिंती घालून थोडे पाणी जुन्या वळणांकडे वळवले. पाणथळ वनस्पती परतल्या, पण एवढ्याने भागणार नाही हेही कळले. कालवा उघडा राहिला तर पाणी त्यातूनच पळणार. तो बुजवायलाच हवा. शिवाय उगमाकडच्या तलावांत पाणी साठवून ते वर्षभर सावकाश सोडायला हवे.

1992 साली केंद्र सरकारने मंजुरी दिली. खर्च केंद्राने आणि राज्याने निम्मानिम्मा उचलायचा, आणि वस्त्यांचे पुरापासूनचे संरक्षण कमी होता कामा नये, असे ठरले. म्हणूनच 90 पैकी सुमारे 35 किलोमीटरच, म्हणजे मधला भाग, बुजवण्यात आला. काम 1999 साली सुरू झाले आणि 2021 साली संपले. खणताना काठावर टाकलेल्या मातीचे ढीग तसेच होते. तीच माती पुन्हा आत लोटली. जुनी वळणेही शेजारी निपचित पडून होती. कालव्याला तीन-साडेतीन कोटी डॉलर लागले होते, तो बुजवून नदी परत आणायला शंभर कोटींच्या घरात लागले. मधल्या महागाईचा हिशेब धरला तरी फरक मोठाच आहे.

पाणी परतल्यावर वर्षानुवर्षे मातीत पडून राहिलेले बी रुजले. पात्राच्या तळाशी साचलेला कुजका गाळ प्रवाहाने वाहून नेला आणि आतल्या वळणांवर वाळूचे किनारे पुन्हा दिसू लागले. पाण्यातला प्राणवायू वाढला. बदके आणि बगळे आले. हे सगळे खात्रीने सांगता येते, कारण बुजवणी सुरू होण्याआधीची मोजमापे शास्त्रज्ञांनी घेऊन ठेवली होती. आधीचे आकडे नसते, तर 'पक्षी वाढले' हे नुसते मत राहिले असते.

वर्गात एक गोष्ट करून पाहता येईल. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या 1:50,000 प्रमाणाच्या नकाशावर आपल्या नदीच्या एखाद्या भागावर दोरा वळणावळणाने ठेवून तो मोजावा. 2 सेंटिमीटर म्हणजे 1 किलोमीटर. मग त्याच दोन टोकांमधले सरळ अंतर मोजून पहिल्या संख्येला दुसरीने भागावे. भागाकार दीडपेक्षा जास्त आला, तर भूगोलतज्ज्ञ त्या नदीला नागमोडी म्हणतात. त्यानंतर गावातल्या वयस्कर मंडळींना विचारावे, मोठ्या पुरात पाणी कुठवर येत असे? ती रेषा मुलांनी नकाशावर पेन्सिलीने काढावी आणि तिच्या आत आज काय काय आहे, याची नोंद करावी.