पेटीतला सिनेमा आणि पटांगणातला सिनेमा

मागच्या काही भागांत आपण बचत, बियाणं आणि बाळंतपणातली काळजी यांवर बोललो. आज जरा वेगळा विषय घेतला आहे. सिनेमा हा करमणुकीचा विषय आहे, त्यावर गटात कशाला वेळ घालवायचा, असं काहींना वाटेल. पण सिनेमा आपल्यापर्यंत कसा पोहोचला, घरात साठवलेली त्याची प्रत किती टिकते आणि गावात सगळ्यांनी मिळून तो पाहायचा तर काय करावं लागतं, हे कळलं तर त्याचा आपल्या गटाला उपयोग आहे. म्हणून आज सगळं क्रमानं सांगतो.

तंबूतून घरात

दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईत गिरगावच्या कोरोनेशन थिएटरात लागला. त्यात तारामतीचं काम अण्णा साळुंके नावाच्या पुरुषानं केलं, कारण पडद्यावर यायला बाई तयार नव्हती. पण त्याच वर्षीच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई या दोघी पडद्यावर आल्या. पुढे ‘कालिया मर्दन’मध्ये तर छोटा कृष्ण झाली ती फाळक्यांची मुलगी मंदाकिनी.

खेड्यात मात्र सिनेमा आला तो जत्रेतल्या तंबूतून. ट्रकमध्ये मशीन, जनरेटर आणि रिळांचे डबे घालून मंडळी गावोगाव फिरायची. एका सेकंदाला चोवीस चित्रं डोळ्यांसमोरून जातात, म्हणून आपल्याला माणसं हलताना दिसतात. मोठ्या पडद्याची ती फिल्म लांबलचक असते. एका मोठ्या डब्यातलं रीळ वीस-बावीस मिनिटांत संपतं. म्हणजे अडीच तासांच्या सिनेमाला सात-आठ डबे लागणार. असा बोजा घरी कोण ठेवणार?

१९७५-७६ च्या सुमारास जपानी कंपन्यांनी घरगुती व्हिडिओ कॅसेट आणली आणि अख्खा सिनेमा पुस्तकाएवढ्या डबीत मावला. आपल्याकडे १९८२ च्या एशियाडच्या वेळी रंगीत टीव्ही आला आणि मागोमाग व्हीसीआर पसरला. टीव्ही आणि व्हीसीआर एका रात्रीसाठी भाड्यानं आणायचा, वर्गणी काढायची आणि रात्रभरात तीन सिनेमे पाहायचे, हे तुमच्यापैकी अनेकींना आठवत असेल. बाजारगावातल्या व्हिडिओ हॉलमध्ये बाया जात नसत. अंगणात लावलेल्या टीव्हीसमोर मात्र पहिली रांग आपलीच असायची.

त्यानंतर व्हीसीडी आली. तिच्यात साधारण चौऱ्याहत्तर मिनिटं मावतात, म्हणून एका सिनेमाच्या दोन किंवा तीन चकत्या असायच्या. मग डीव्हीडी आली, तिच्यात पूर्ण सिनेमा एका चकतीवर बसला आणि चित्रही स्वच्छ झालं. २००७ च्या आसपास भारतातल्या एका कंपनीनं व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढली. चोरटी प्रत घेण्यापेक्षा खरी घेणं परवडू लागलं, आणि जुने मराठी-हिंदी सिनेमे तालुक्याच्या दुकानांत दिसू लागले. आता दुकानं गेली, सिनेमा फोनवर आला.

मग शौकीन माणसं जुन्या चकत्या का जपतात?

सिनेमाचा नाद असलेली माणसं आजही कॅसेटी आणि डीव्हीड्या गोळा करतात. घरचे म्हणतात, फोनवर सगळं मिळतं, हा पसारा कशाला? पण त्यांचं म्हणणं खोटं नाही. फोनवरचा सिनेमा आपल्या मालकीचा नसतो. ज्या कंपनीच्या ॲपवर तो आहे, तिचा करार संपला की तो तिथून निघून जातो. चकती मात्र कपाटात राहते. शिवाय कितीतरी जुने मराठी सिनेमे कुठल्याच ॲपवर नाहीत, आणि कुणाकडे तरी असलेली एखादी जुनी चकती हीच पाहण्याची एकमेव वाट असते.

जपलं नाही तर काय होतं, हेही समजून घेऊ. आपल्या देशात हजाराहून जास्त मूकपट निघाले. त्यांतले पूर्ण स्वरूपात उरलेले बोटांवर मोजता येतील. पहिला बोलपट ‘आलम आरा’ १९३१ चा, त्याची एकही प्रत आज मिळत नाही. जुनी फिल्म नायट्रेटची असायची आणि ती पटकन पेट घेई. पुण्यात २००३ मध्ये लागलेल्या आगीत अशा कितीतरी जुन्या फिल्म जळाल्या. काही फिल्म तर आतली चांदी काढून घेण्यासाठी भंगारात विकल्या गेल्या.

ही गळती थांबवण्यासाठी १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं. ते उभं केलं पी. के. नायर यांनी. लहानपणी सिनेमाची तिकिटं जमवणारा हा माणूस मोठेपणी देशभर फिरून फिल्मचे डबे गोळा करू लागला. ‘कालिया मर्दन’ची रिळं फाळके कुटुंबाकडून मिळवून त्यांनी ती नीट लावून घेतली. म्हणूनच मंदाकिनीचा कृष्ण आज आपल्याला दिसतो. एका माणसाच्या नादाला लोक वेड म्हणतात, पण त्या वेडातून सगळ्यांची ठेव वाचली.

शेतकऱ्यांनी पाहिलेला जगाचा सिनेमा

चांगला सिनेमा शहरातल्या शिकलेल्यांसाठीच असतो, असं अनेकांना वाटतं. कर्नाटकात शिवमोग्गा जिल्ह्यात हेग्गोडू नावाचं खेडं आहे. तिथं के. व्ही. सुब्बण्णा यांच्या ‘नीनासम’ या संस्थेनं १९७० नंतरच्या दशकात गावात सिनेमे दाखवायला सुरुवात केली. तेही सत्यजित राय यांचा ‘पथेर पांचाली’, इटलीचा ‘बायसिकल थीव्हज’ आणि जपानचा ‘राशोमोन’ असे. पुण्याच्या संग्रहालयानं फिल्म पुरवल्या. गावकऱ्यांना ती भाषा येत नव्हती. पण सायकल चोरीला गेलेल्या मजुराचं दुःख कळायला भाषा कशाला लागते? दाखवण्याआधी गोष्ट सांगायची आणि नंतर चर्चा करायची, एवढंच तंत्र होतं. सुब्बण्णांना पुढे १९९१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

आपल्या मराठीतही यासाठी सिनेमे आहेत. ‘संत तुकाराम’ १९३६ चा. त्यातली आवली पाहा. संसाराचा गाडा ओढणारी, नवऱ्यावर चिडणारी आणि त्याच्यावर जीवही टाकणारी बाई इतकी खरी आहे की ती आपल्याच आळीतली वाटते. ‘उंबरठा’ १९८२ चा. घराबाहेर पडून काम करू पाहणाऱ्या बाईला त्याची काय किंमत मोजावी लागते, हे त्यात स्मिता पाटील दाखवते. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘दोघी’ १९९५ चा. लग्नाच्या दिवशीच अपघात होतो, मुलीवर अपशकुनी म्हणून शिक्का बसतो आणि तिच्याच कमाईवर घर जगतं. पण तिला घरात मान मिळतो का? हा प्रश्न गटात नुसता विचारला तर सगळ्या गप्प बसतात. सिनेमा पाहून झाल्यावर बोलणं सोपं जातं, कारण तेव्हा आपण आपल्याबद्दल नाही तर ‘तिच्याबद्दल’ बोलत असतो.

गावात दाखवायचा तर

आता कामाचं बोलू.

पहिली गोष्ट परवानगीची. विकत घेतलेल्या चकतीवर ‘फक्त घरगुती पाहण्यासाठी’ असं लिहिलेलं असतं. घरी दहा जणींनी बसून पाहणं वेगळं आणि पटांगणात जाहीर खेळ करणं वेगळं. तिकीट लावलं नाही तरी जाहीर खेळासाठी हक्कदाराची, म्हणजे निर्मात्याची किंवा ज्यानं हक्क घेतले आहेत त्याची, लेखी परवानगी लागते. आपल्या कायद्यानुसार सिनेमा प्रसिद्ध झाला त्याच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं सिनेमावरचा हक्क टिकतो. १९३६ चा ‘संत तुकाराम’ या मुदतीतून केव्हाच बाहेर पडला आहे. नव्या सिनेमासाठी पत्र लिहा. आपण कोण, गाव कोणतं, किती बाया येणार आणि पैसे घेणार नाही, हे स्पष्ट सांगा. विचारल्याशिवाय कुणी हो म्हणत नाही.

दुसरं, सेन्सॉरचा दाखला. सिनेमाच्या सुरुवातीला तो दिसतो. ‘यू’ म्हणजे सगळ्यांसाठी, ‘ए’ म्हणजे फक्त मोठ्यांसाठी. बायका मुलांना घेऊन येणार हे धरूनच निवड करा. आणि गटातल्या दोघींनी सिनेमा आधी पूर्ण पाहून ठेवा.

तिसरं, जागा आणि वेळ. शाळेचं पटांगण असेल तर शाळेला आणि ग्रामपंचायतीला अर्ज द्या. लाऊडस्पीकरसाठी वेगळी परवानगी काढा. उघड्यावर रात्री दहानंतर तो वाजवता येत नाही, म्हणून दिवस मावळताच सुरुवात करा. पांढरी चादर चालते, पण ती चारही बाजूंनी ताणून बांधा, वाऱ्यानं हलली की डोळे दुखतात. चित्र थोडं फिकं चालेल, आवाज स्पष्ट हवा. स्पीकर पडद्याजवळ ठेवा. वायर पायात येणार नाही असं पाहा. परतीच्या वाटेवर उजेड आहे का, लांबच्या वस्तीवरच्या बायांना सोबत कोण, हे आधी ठरवा. नाहीतर त्या येणारच नाहीत.

चौथं, नंतरची अर्धी घटका. लगेच उठू नका. तीनच प्रश्न ठेवा. कुणाचं वागणं पटलं? कुणाचं खटकलं? तिच्या जागी आपण असतो तर काय केलं असतं?

आपल्या घरातल्या कॅसेटी

शेवटी एक गोष्ट खास आपली. अनेक घरांत लग्नाची, बारशाची व्हिडिओ कॅसेट पेटीत पडून आहे. त्यात गेलेली आजी चालता-बोलताना दिसते. पण कॅसेटची फीत लोहचुंबकी असते. दमटपणानं तिला बुरशी लागते आणि वर्षं गेली तसं चित्र विरत जातं. बुरशी दिसत असेल तर ती मशीनमध्ये घालू नका, फीत तुटेल. चांगली असेल तर अजून चालू व्हीसीआर असलेल्या फोटो स्टुडिओकडून ती पेनड्राइव्हवर उतरवून घ्या, आणि दुसरी प्रत वेगळ्या घरी ठेवा. कॅसेट उभी ठेवा, कोरड्या जागी, स्पीकरच्या लोहचुंबकापासून लांब. चकती कडेनं धरा आणि पुसताना मधून बाहेरच्या दिशेनं पुसा, गोल फिरवून नको.

पुढच्या बैठकीत दोन कामं करून पाहा. कुणाकुणाच्या घरी जुन्या कॅसेटी आणि चकत्या आहेत, त्याची एक यादी करा. आणि दिवाळीनंतर शेतीची घाई सरली की पहिला खेळ कोणता लावायचा, ते हात वर करून ठरवा. तुम्ही काय ठरवलंत ते आम्हाला कळवा, आपल्या कार्यक्रमात ते सगळ्यांना वाचून दाखवू. भेटूया पुढच्या भागात.