एकोणिसाव्या शतकातील मराठी नियतकालिके आणि वर्गणीदाराचा शोध

प्रस्तावना :

मराठी नियतकालिकांचा इतिहास बहुधा संपादकांच्या चरित्रांमधून सांगितला जातो. बाळशास्त्री जांभेकर, भाऊ महाजन, विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक व आगरकर यांची नावे त्यात ठळकपणे येतात आणि ते योग्यही आहे. परंतु कोणतेही नियतकालिक केवळ संपादकाच्या लेखणीवर चालत नाही. कागद, शाई, खिळे जुळविणाऱ्यांचे पगार आणि टपालखर्च यांसाठी नियमित पैसा लागतो. एकोणिसाव्या शतकात जाहिरातींचे उत्पन्न तुटपुंजे असल्याने हा पैसा प्रामुख्याने वर्गणीतून उभा करावा लागे. हा वर्गणीदार कोण होता, त्याला कसे आकर्षित केले गेले, त्याच्याकडून पैसे कसे वसूल झाले आणि या साऱ्याचा मजकुरावर कोणता परिणाम झाला, या प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. तुलनेसाठी त्याच शतकातील अमेरिकेचे उदाहरण घेतले आहे, कारण वर्गणीदार मिळविण्याचे तंत्र तेथे सर्वांत आधी व्यापारी स्वरूपात विकसित झाले.

अमेरिकेतील वर्गणीदार :

अमेरिकेत नियतकालिकांच्या प्रसाराचा पाया टपाल खात्याने घातला. १७९२ च्या टपाल कायद्याने वृत्तपत्र शंभर मैलांपर्यंत एका सेंटमध्ये आणि त्यापलीकडे दीड सेंटमध्ये पोहोचविण्याची सोय केली. पत्राचा दर याच्या कितीतरी पट होता. याचा अर्थ, वृत्तपत्राच्या वितरणाचा बराचसा भार शासनानेच उचलला. १८३३ साली न्यूयॉर्कमध्ये बेंजामिन डे याने ‘सन’ हे दैनिक एका सेंटला विकण्यास सुरुवात केली आणि स्वस्ताई हेच आकर्षणाचे पहिले साधन ठरले.

मासिके व साप्ताहिकांनी याहून निराळे मार्ग शोधले. फिलाडेल्फियाच्या ‘गोडीज लेडीज बुक’ने हाताने रंगविलेली वेशभूषेची चित्रे देऊन स्त्रीवाचक मिळविला. अनेक नियतकालिकांनी ‘क्लब’ची पद्धत रूढ केली. काही शेजाऱ्यांनी एकत्र येऊन वर्गणी पाठविल्यास प्रत्येकाला दरात सवलत मिळे आणि वर्गणी गोळा करणाऱ्यास एक प्रत मोफत दिली जाई. तिसरा मार्ग भेटवस्तूंचा होता. बोस्टनचे ‘यूथ्स कम्पॅनियन’ हे साप्ताहिक नवे वर्गणीदार मिळवून देणाऱ्या मुलांना बक्षिसे देई. शतकाच्या अखेरीस जाहिरातींचे उत्पन्न वाढले. १८९३ साली ‘मन्सीज’ मासिकाने आपली किंमत दहा सेंटपर्यंत उतरविली, कारण आता वाचकाच्या पैशापेक्षा त्याची संख्या अधिक मोलाची झाली होती. थोडक्यात, तेथील वर्गणीदार हा हळूहळू ग्राहक बनत गेला.

मराठी प्रदेशातील आरंभ :

मराठी नियतकालिकांना यांपैकी कोणतीही अनुकूलता नव्हती. ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत ‘दर्पण’ सुरू झाले, तेव्हा साक्षरांची संख्या अल्प होती, टपालाचा दर अंतरानुसार वाढत असे आणि छापील मजकुराकडे पाहण्याची दृष्टीही पुरेशी मोकळी नव्हती. बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’चा मजकूर इंग्रजी आणि मराठी अशा दोन स्तंभांत छापला. त्यामागे ज्ञानप्रसाराचा हेतू होताच, पण दोन निरनिराळ्या वाचकवर्गांना एकाच अंकात आणण्याची व्यावहारिक दृष्टीही त्यात दिसते. युरोपीय अधिकारी आणि इंग्रजी शिकणारा एतद्देशीय तरुण या दोघांसाठी तो अंक उपयुक्त होता. तरीही वर्गणीदारांची संख्या सुमारे ३०० च्या घरातच राहिली आणि १८४० साली ‘दर्पण’ बंद पडले.

याच्या तुलनेत १८४२ साली अहमदनगर येथे अमेरिकन मराठी मिशनने सुरू केलेले ‘ज्ञानोदय’ दीर्घायुषी ठरले. मिशनचे पाठबळ असल्याने केवळ वर्गणीच्या वसुलीवर त्याचे अस्तित्व अवलंबून नव्हते. वर्गणीवर विसंबलेले पत्र आणि संस्थेच्या पाठबळावर उभे असलेले पत्र यांतील हा फरक पुढील काळातही वारंवार दिसतो.

आश्रयदाता की वाचक? :

आरंभीच्या काळात पैसा उभा करण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे मोठ्या आश्रयदात्याचा शोध. संस्थानिक, सरदार, सावकार आणि सरकारी शिक्षणखाते हे असे आश्रयदाते होते. शिक्षणखात्याचा आश्रय लाभल्यास शाळाशाळांतून वाचक आपोआप मिळे. परंतु या आश्रयाची किंमत काय असते, याचे बोलके उदाहरण ‘शालापत्रक’ हे होय. शिक्षणखात्याशी निगडित असलेल्या या मासिकाचे संपादन आधी कृष्णशास्त्री चिपळूणकर यांनी व नंतर विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी केले. विष्णुशास्त्र्यांचे परखड लेखन सरकारला रुचले नाही आणि १८७५ साली ते बंद झाले.

तत्पूर्वीच, जानेवारी १८७४ मध्ये, विष्णुशास्त्र्यांनी ‘निबंधमाला’ सुरू केली होती. त्यात चित्रे नव्हती, भेटवस्तू नव्हत्या आणि लेखकांचा मेळाही नव्हता. जवळजवळ सर्व मजकूर एकाच व्यक्तीने लिहिलेला होता. तरीही तिचे ८४ अंक निघाले. येथे आकर्षण होते ते मताच्या ठामपणाचे आणि भाषेच्या सामर्थ्याचे. सर्व वर्गणीदार त्या मतांशी सहमत होते असे नव्हे. पुढील अंकात शास्त्रीबोवा कोणाचा समाचार घेतात, ही उत्सुकता विरोधकांनाही अंक घ्यावयास लावीत असे. याच धर्तीवर ‘प्रभाकर’मध्ये १८४८ पासून प्रसिद्ध झालेल्या लोकहितवादींच्या शतपत्रांकडे पाहता येईल. वादविषय हे मराठी नियतकालिकांचे वर्गणीदार जोडणारे एक प्रमुख साधन होते.

क्रमशः कथा आणि कुटुंबातील वाचक :

दुसरे प्रभावी साधन म्हणजे क्रमशः प्रसिद्ध होणारी कादंबरी. १८६७ साली सुरू झालेल्या ‘विविधज्ञानविस्तार’मध्ये रा. भि. गुंजीकर यांची ‘मोचनगड’ ही कादंबरी क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली. एक प्रकरण वाचलेल्या वाचकास पुढील अंकाची प्रतीक्षा राहते आणि वर्षाच्या मध्यावर वर्गणी तोडणे त्याला अवघड जाते, हे यामागील साधे तत्त्व होय. हरि नारायण आपटे यांनी १८९० साली ‘करमणूक’ साप्ताहिक सुरू करून या तत्त्वाचा परिपूर्ण उपयोग केला. ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी त्यातूनच क्रमशः वाचकांपुढे आली. तिच्यामुळे वर्गणीदार जरी घरातील कर्ता पुरुष असला, तरी अंकाची वाट पाहणारा वाचक माजघरातही निर्माण झाला. १८९५ साली का. र. मित्र यांनी सुरू केलेल्या ‘मासिक मनोरंजन’ने हाच कौटुंबिक वाचक पुढे नेला आणि १९०९ साली दिवाळी अंकाची प्रथा घालून दिली. सण आणि वाचन यांची ही सांगड अमेरिकन भेटवस्तूंपेक्षा अधिक टिकाऊ ठरली.

वर्गणी आणि थकबाकी :

वर्गणीदार मिळविणे जितके कठीण, त्याहून त्याच्याकडून पैसे वसूल करणे कठीण होते. अनेक पत्रे वर्गणीचे दोन दर छापीत. आगाऊ भरणाऱ्यास कमी दर आणि मागाहून देणाऱ्यास अधिक दर अशी ही पद्धत होती. ही अडचण केवळ मराठीची नव्हती. कानपूरच्या ‘ब्राह्मण’ या हिंदी मासिकाचे संपादक प्रतापनारायण मिश्र यांनी थकबाकीदार वर्गणीदारांना यजमान संबोधून त्यांच्याकडे पद्यातून दक्षिणा मागितली होती.

या संदर्भात ‘वर्गणी’ हा शब्दही विचारात घेण्याजोगा आहे. मराठीत दुकानातील वस्तूला किंमत असते, तर देवळाचा जीर्णोद्धार, भंडारा किंवा उत्सव यांसाठी वर्गणी असते. नियतकालिकाला दिल्या जाणाऱ्या पैशासाठी मराठीने किंमत हा शब्द न वापरता वर्गणी हा शब्द स्वीकारला. त्यात सामायिक कार्याला हातभार लावण्याचा भाव आहे. या भावामुळे नियतकालिकाला आपुलकी लाभली. मात्र हातभार सवडीने लावला तरी चालतो, हा समजही त्यासोबत आला असावा.

वसुलीचा प्रश्न सुटण्यास टपाल खात्याच्या सुधारणांनी मोठे साहाय्य केले. १८५४ साली पत्रांसाठी अंतरनिरपेक्ष दर लागू झाला. १८७७ साली व्ही. पी. पद्धत आली, १८७९ साली पोस्टकार्ड आले आणि १८८० पासून मनीऑर्डरचे काम टपाल खात्याकडे आले. आता दूरच्या गावातील शिक्षक किंवा कारकून अल्प खर्चात अंकाची मागणी करू शकत होता आणि पैसेही पाठवू शकत होता. जानेवारी १८८१ मध्ये ‘केसरी’ निघाला तो नेमका या टप्प्यावर. १८८२ साली कोल्हापूर प्रकरणात टिळक व आगरकर यांना झालेल्या तुरुंगवासामुळे पत्राला लोकांची सहानुभूती लाभली, हे सर्वज्ञात आहे. परंतु त्या सहानुभूतीचे रूपांतर वर्गणीत होण्यासाठी आवश्यक असलेली यंत्रणा नुकतीच सिद्ध झालेली होती, याकडे सहसा लक्ष दिले जात नाही.

जेथे वाचकच घडवावा लागला :

वरील सर्व साधने साक्षर वाचक गृहीत धरतात. सत्यशोधक पत्रांना ही सवलत नव्हती. १ जानेवारी १८७७ रोजी कृष्णराव भालेकर यांनी पुण्यात ‘दीनबंधु’ सुरू केला. ज्या शेतकरी व कष्टकरी समाजासाठी हे पत्र होते, त्यात अक्षरओळख असणारे थोडे आणि वर्गणी देऊ शकणारे त्याहून थोडे होते. १८८० साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते मुंबईतून चालविले आणि गिरणी कामगारांच्या प्रश्नांना त्यात स्थान दिले. येथे एका प्रतीमागे एक वाचक हे गणित लागू पडत नाही. एकाने वाचावे आणि अनेकांनी ऐकावे, हीच प्रसाराची रीत होती. पुढे भालेकरांचेच पुत्र मुकुंदराव पाटील यांनी १९१० पासून अहमदनगर (आजचा अहिल्यानगर) जिल्ह्यातील खेड्यातून ‘दीनमित्र’ चालवून दाखविला.

बीडसह मराठवाड्याची स्थिती याहून बिकट होती. हा प्रदेश निजामाच्या राज्यात असल्याने राज्यकारभाराची भाषा आधी फारसी व नंतर उर्दू होती. मराठी शाळा विरळ असल्याने मराठी नियतकालिकाचा वाचक तयार होण्याची वाटच अरुंद होती. अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयासारख्या खाजगी शाळा विसाव्या शतकात उभ्या राहिल्या, तेव्हा ही वाट रुंदावू लागली. आ. कृ. वाघमारे यांना १९३७ साली ‘मराठवाडा’ हे पत्र पुण्याहून काढावे लागले. बंदी आली की नाव बदलून ते पुन्हा निघे. अशा पत्राचा अंक घरी येणे ही राज्यकर्त्यांच्या नजरेत भरणारी गोष्ट होती. या वर्गणीदाराला सवलत किंवा भेटवस्तूचे आमिष नव्हते. त्याने पैशासोबत जोखीमही पत्करली होती.

समारोप :

उपरोक्त विवेचनावरून असे दिसून येते की, अमेरिकन नियतकालिकांनी स्वस्त टपाल, क्लब आणि भेटवस्तू यांच्या बळावर वर्गणीदाराला ग्राहक केले, तर मराठी नियतकालिकांनी वाद, कथा आणि कार्य यांच्या बळावर त्याला भागीदार केले. या भागीदारीत थकबाकी होती, तोटा होता आणि अनेक पत्रांचे अकाली निधनही होते. परंतु ‘शालापत्रक’ बंद पडले तरी ‘निबंधमाला’ चालू राहिली ती तिच्या वाचकांमुळे.

हा इतिहास महाविद्यालयीन प्राध्यापकांसाठी केवळ माहितीचा विषय नाही. आज अनेक संशोधन नियतकालिकांचा खर्च वर्गणीदार उचलत नाही, प्रकाशनशुल्काच्या रूपाने लेखकच तो उचलतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ साली केअर यादी बंद केल्यानंतर नियतकालिकाच्या गुणवत्तेची पारख करण्याची जबाबदारी पुन्हा अध्यापक व संस्था यांच्याकडे आली आहे. अशा वेळी, आपले नियतकालिक बंद पडले तर कोणाला त्याची उणीव भासेल, हा एकोणिसाव्या शतकातील संपादकाला दर महिन्याला भेडसावणारा प्रश्न आजच्या संपादक मंडळांनीही विचारणे आवश्यक आहे. महाविद्यालयाच्या ग्रंथालयाने आणि प्रत्येक अध्यापकाने किमान एका मराठी नियतकालिकाची वर्गणी नियमित व आगाऊ भरणे, हा त्या प्रश्नाच्या उत्तराचा आरंभ ठरू शकेल.