नाशिकचा लॉर्ड आणि कराचीला निघालेलं जहाज

ख्रिस्तोफर बर्डवुड थॉमसन यांचा जन्म १८७५ साली नाशिकला झाला. पुढे ते ब्रिटिश लष्करात ब्रिगेडियर झाले, निवृत्तीनंतर मजूर पक्षात गेले आणि १९२४च्या पहिल्या मजूर सरकारात हवाई खात्याचे मंत्री झाले. लॉर्ड ही पदवी मिळाली तेव्हा त्यांनी नावापुढे कार्डिंग्टन हे गाव लावून घेतलं. बेडफर्डजवळच्या या गावात एअरशिप बांधण्याचा सरकारी कारखाना होता. नाशिकमध्ये मी हे नाव कधी कुणाच्या तोंडून ऐकलं नाही. ओझरच्या विमान कारखान्यात मी इन्स्पेक्शनला होतो आणि अपघातांच्या चौकशीचे अहवाल वाचायची मला आवड होती. त्या वाचनात हा माणूस भेटला, आणि त्याच्याबरोबर आर-१०१.

आर-१०१ ही एअरशिप हिंदुस्थानसाठी बांधलेली होती. आगबोटीला दोन-तीन आठवडे लागायचे, तो प्रवास तिनं आठवड्याच्या आत करायचा होता. इंग्लंडहून निघून इजिप्तमध्ये इस्माइलियाच्या मनोऱ्याला नाक बांधायचं, इंधन घ्यायचं आणि मग थेट कराची. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती. तिथंही मनोरा आणि एक अवाढव्य शेड उभी राहिली होती. जहाजाच्या पोटात प्रवाशांच्या खोल्या, बैठकीचा दिवाणखाना आणि खाली पाहत फिरायला सज्जा होता. हायड्रोजनच्या पिशव्यांखाली सिगारेट ओढायलाही वेगळी खोली होती. ती ॲस्बेस्टॉसनं मढवलेली होती.

एअरशिपचा सगळा हिशेब वजनाचा. एक घनमीटर हायड्रोजन एक किलोपेक्षा थोडंसंच जास्त वजन उचलतो, म्हणून दीड लाख घनमीटर गॅस लागतो आणि म्हणून जहाज दोन-अडीचशे मीटर लांब होतं. त्या उचलीतून सांगाडा, इंजिनं आणि कापडी आवरण वजा करायचं, उरेल त्यात इंधन, माणसं, सामान. आर-१०१मध्ये साठ टन उरतील अशी अपेक्षा होती, प्रत्यक्षात उरले सुमारे पस्तीस. एक कारण उन्हाचं. आपल्याकडच्या उष्णतेत पेट्रोलची वाफ धोक्याची ठरेल म्हणून डिझेल इंजिनं बसवली होती, आणि ती फार जड निघाली.

मग उचल वाढवायची खटपट सुरू झाली. जहाज मधोमध कापून एक नवा भाग जोडला गेला, लांबी २३७ मीटर झाली. त्याआधी गॅसच्या पिशव्यांना आवळून धरणारं तारांचं जाळं सैल केलं होतं, म्हणजे पिशव्या जास्त फुगतील. या पिशव्या म्हणजे सुती कापडावर चिकटवलेला बैलांच्या आतड्यांचा पातळ पापुद्रा. फुगल्यावर त्या सांगाड्याच्या बोल्टांना आणि कडांना घासू लागल्या. जहाज डोललं की पिशव्याही पुढेमागे सरकत, आणि प्रत्येक घासणीला बारीक भोकं पडत. उपाय म्हणून टोचणाऱ्या जागांवर हजारो गाद्या बांधल्या गेल्या.

इथं मला फ्रेडरिक मॅक्वेड यांच्याबद्दल बोलायचं आहे. कार्डिंग्टनला तपासणीची जबाबदारी त्यांच्याकडे होती. ३ जुलै १९३० रोजी त्यांनी वरिष्ठांना पत्र लिहिलं: गाद्या बांधणं हा इलाज नव्हे, पिशव्यांची अशी अवस्था असताना उड्डाणाचा परवाना वाढवण्याची शिफारस मी करू शकत नाही. हे पत्र मी कितीदा वाचलं असेल! मिग-२१च्या कागदांवर सही करताना हात थांबणं म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. बाहेर सगळे खोळंबलेले असतात, तारीख ठरलेली असते, आणि नाही म्हणणारा एकटाच असतो. मॅक्वेड नाही म्हणाले. त्यांचं पत्र वरून पुन्हा एअरशिप विभागाकडेच आलं, विभागानं गाद्यांनी भागेल असं कळवलं, आणि ज्या सर्वोच्च मंडळापुढे ते जायला हवं होतं तिथवर ते पोचलंच नाही.

तारीख थॉमसन यांची होती. ऑक्टोबरमध्ये लंडनला साम्राज्य परिषद भरत होती, तिथं हिंदुस्थानला जाऊन आल्याचं त्यांना सांगायचं होतं. ते पुढचे व्हाइसरॉय होणार अशीही बोलवा होती. शेवटच्या चाचणीत एका इंजिनाचा ऑइल कूलर बिघडला, त्यामुळे पूर्ण वेगाची चाचणी झालीच नाही. उड्डाणयोग्यतेचा तात्पुरता दाखला निघायच्या तोंडावर हातात पडला. ४ ऑक्टोबरच्या संध्याकाळी, हवा बिघडत असताना, जहाज निघालं. मनोऱ्यापासून सुटतानाच चार टन पाणी सोडून द्यावं लागलं, इतकं ते जड होतं. रात्री दोननंतर फ्रान्समध्ये बोव्हेजवळ पाऊस-वाऱ्यात त्यानं दोनदा नाक खाली घातलं आणि ते एका टेकडीवर टेकलं. आदळणं फार जोराचं नव्हतं, जीव घेतले ते आगीनं. चोपन्न जणांपैकी अठ्ठेचाळीस गेले. थॉमसन त्यातच होते.

चौकशी झाली सर जॉन सायमन यांच्यापुढे. दोन वर्षांपूर्वी ज्यांना मुंबई बंदरात काळे झेंडे दिसले तेच हे सायमन. त्यांच्या अहवालाबद्दल मात्र मला आदर आहे. पुढच्या पिशव्यांतला गॅस गेला, बहुधा नाकाकडचं आवरण फाटल्यामुळे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. सरकारी धोरणाची निकड नसती तर जहाज त्या संध्याकाळी निघालंच नसतं, हेही त्यांनी लिहिलं.

आवरण फाटणं एअरशिपला नवीन नव्हतं. १९२८च्या ऑक्टोबरात जर्मनांची ग्राफ झेपेलिन पहिल्यांदा अमेरिकेला निघाली, तेव्हा अटलांटिकवरच्या वादळात तिच्या एका शेपटीपंखाचं कापड फाटलं. कप्तान ह्यूगो एकेनर यांनी वेग अगदी कमी केला आणि काही माणसं बाहेर सांगाड्यावर पाठवली, त्यांत त्यांचा मुलगा क्नूट होता. कापड आवळून बांधून होईपर्यंत जहाज समुद्रावर रेंगाळत राहिलं. पुढच्या वर्षी याच जहाजानं एकवीस दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा केली. नऊ वर्षांत तिनं ५९० उड्डाणं केली आणि एकाही प्रवाशाचा जीव गेला नाही. गॅस तोच, हायड्रोजन.

लोकांच्या मनात एअरशिप म्हटलं की १९३७ची जळती हिंडेनबर्ग येते, कारण तिथं कॅमेरे होते. तिच्या अपघातात जमिनीवरच्या एकासह छत्तीस माणसं गेली, आर-१०१पेक्षा कमी, आणि जहाजातल्या बहुतेकांचे, सत्त्याण्णवांपैकी बासष्ट जणांचे, प्राण वाचले. ती हेलियमसाठी आखलेली होती, पण हेलियम जवळजवळ फक्त अमेरिकेकडे होता आणि अमेरिका तो देईना. शेवटी तिच्यातही हायड्रोजनच भरला.

मुलीकडे जर्मनीला गेलो तेव्हा फ्रीडरिशहाफेनला हट्टानं गेलो. बोडन सरोवराकाठच्या याच गावाजवळ १९०० साली काउंट झेपेलिन यांचं पहिलं जहाज उडालं होतं. आज तिथून झेपेलिन एनटी उडते, पंच्याहत्तर मीटर लांब, हेलियमवर. सगळी हयात विमानांत घालवलेल्या मला तिचं काय वाटावं? विमान वेग सोडेल तर पडतं. ही एका जागी थांबू शकते. तरंगत राहायला तिला इंधन जाळावं लागत नाही. खाली उभ्या माणसांनी हात हलवला तर वरच्यांना तो दिसतो. माझ्या बाजूला उभी असलेली शाळेतली पोरं आणि मी, सगळेच माना वर करून उभे होतो.

हा थांबण्याचा गुण लोकांना आता पुन्हा हवा आहे. २०२५च्या मे महिन्यात डीआरडीओनं मध्य प्रदेशात श्योपूरहून एक मानवरहित एअरशिप सुमारे सतरा किलोमीटर उंचीवर पाठवली, टेहळणीसाठी. आयआयटी मुंबईत हवेपेक्षा हलक्या यानांवर बरीच वर्षं काम चाललं आहे. कॅलिफोर्नियात पाथफाइंडर-१ नावाची १२४ मीटरची एअरशिप आहे. तिच्या चाचण्यांचा क्रम मी आवर्जून वाचला. आधी शेडच्या आतच तरंगवली, मग बाहेर मनोऱ्याला बांधून, आणि २०२४मध्ये मोकळी. यात बराच काळ गेला, आणि तो जाऊ दिला गेला. मॅक्वेड यांनी या कागदांवर सही केली असती असं मला वाटतं.