अवजाराचे वजन नेमके कोठे धरावे?

ट्रॅक्टरच्या मागे जड अवजार उचलले की पुढील चाके हलकी पडतात. चढावर किंवा बांध ओलांडताना स्टिअरिंग फिरवूनही ट्रॅक्टर वळत नाही. प्रसंगी पुढचा भाग उचलला जाऊन चालकाच्या जिवावर बेतते. अवजार किती किलोचे आहे एवढेच पाहून भागत नाही. ते वजन मागील आसापासून किती लांब आहे, हेही पाहावे लागते.

अभियंते संगणकावर ट्रॅक्टरची प्रतिकृती तयार करतात, तेव्हा अवजाराचे सर्व वजन एकाच बिंदूत एकवटले आहे असे धरता येते. मात्र हा बिंदू अवजाराच्या गुरुत्वमध्यावरच हवा. सोयीसाठी तो जोडणीच्या पिनांवर धरल्यास उत्तर फसवे येते.

समजा, ट्रॅक्टरचे वजन १९०० किलो असून त्यापैकी ७६० किलो पुढील चाकांवर आहे. दोन आसांतील अंतर १.९ मीटर आणि अवजार ६०० किलोचे आहे. जोडणीच्या पिना मागील आसापासून ०.८ मीटरवर आहेत. वजन तेथे धरल्यास पुढील भार (६०० × ०.८ ÷ १.९) सुमारे २५३ किलोने घटून ५०७ किलो उरतो. पण गुरुत्वमध्य प्रत्यक्षात १.४ मीटरवर असेल, तर घट ४४२ किलोची होते व फक्त ३१८ किलो उरतात. पुढील चाकांवर ट्रॅक्टरच्या वजनाचा किमान पाचवा हिस्सा, म्हणजे येथे ३८० किलो, असावा असा सर्वसाधारण नियम आहे. कागदावर सुरक्षित दिसणारी जोडणी शेतात धोक्याची ठरते ती अशी.

घरच्या ट्रॅक्टरची तपासणी वजनकाट्यावर करावी. फक्त पुढील चाके काट्यावर घेऊन प्रथम अवजाराशिवाय व नंतर अवजार उचलून वजन घ्यावे. दोन्ही वजनांतील फरकाला आसांतील अंतराने गुणून अवजाराच्या वजनाने भागावे. येणारे उत्तर म्हणजे गुरुत्वमध्याचे मागील आसापासूनचे अंतर. पेरणी यंत्र असल्यास बी-खताच्या पेट्या भरूनच वजन करावे.

भार कमी भरल्यास उत्पादकाच्या पुस्तिकेतील मर्यादेत राहून पुढे वजने लावावीत. वरील उदाहरणात पुढील आसाच्या ०.६ मीटर पुढे १०० किलो लावल्यास सुमारे १३२ किलो भार वाढतो व एकूण ४५० किलो होतो. वजने लावणे शक्य नसल्यास हलके अवजार वापरावे.