गांवठी कोंबड्या आणि जंताचें औषध

छत्रपती संभाजीनगरांतील शहागंजच्या बाजारास खुलताबाद, फुलंब्री, पैठण या बाजूंचा शेतकरी येतो, तेव्हां घरच्या वाणसामानाबरोबर पुष्कळदां जनावरांच्या औषधाची एखादी पुडीहि तो बांधून नेतो. बैलासाठीं घेतलेली जंताची गोळी उरली, तर ती कुटून कोंबड्यांच्या पाण्यांत टाकण्याची चाल आपल्याकडे बरीच आहे. "कोंबड्या सुकल्या, जंत झाले असतील," एवढेंच निदान! या चालीविषयीं लिहिणें आम्हांस अवश्य वाटतें. कारण परसांतील दहा-वीस कोंबड्यांचा पैसा हा बहुधा घरच्या बायकांच्या हातचा पैसा असतो, आणि मीठमिरचीस व मुलांच्या वह्यापुस्तकांस तोच उपयोगी पडतो. तो अजमासाच्या औषधानें बुडावा हें बरें नव्हे.

पहिली गोष्ट अशी कीं, ज्या अल्बेंडाझोल औषधाच्या या गोळ्या बहुधा असतात, तें पाण्यांत विरघळत नाहीं. गाळ तळाशीं बसतो. आधीं पिणाऱ्या कोंबडीस नुसतें पाणी मिळतें, आणि शेवटीं भांडें चाटणारीच्या वांट्यास सगळें औषध येतें. दुसरी गोष्ट मापाची. कोंबडीच्या वजनाच्या दर किलोस सामान्यतः १० मिलिग्रॅम अल्बेंडाझोल देतात. चपट्या जंतांसाठीं २० पर्यंत देतात. दीड किलोच्या कोंबडीस १० च्या हिशेबानें १५ मिलिग्रॅम झाले. बैलाच्या एका १५०० मिलिग्रॅमच्या गोळींत अशा शंभर कोंबड्यांचें औषध असतें! अडीच टक्क्यांचें पातळ औषध घेतलें, तर त्याच्या एका मिलिलिटरांत २५ मिलिग्रॅम औषध असतें. म्हणजे एका कोंबडीस अर्ध्या मिलिलिटराहून किंचित अधिक, व वीस कोंबड्यांस मिळून १२ मिलिलिटर पुरे. बाटली चांगली हलवून, सुई काढलेल्या पिचकारीनें प्रत्येकीच्या चोंचींत थेंब थेंब सोडावें. कोंबड्या पुष्कळ असल्यास सकाळीं उपाशीपोटीं थोड्याशा ओल्या भरड्यांत कालवून द्यावें. वजन तराजूनें करावें. नजरेनें केलेलें वजन नेहमीं चुकतें.

पिपराझीन हें औषध पाण्यांत विरघळतें व स्वस्तहि आहे. पण तें मोठ्या गोल जंतांवरच चालतें, चपट्या जंतांवर नाहीं. चपट्या जंताच्या अळ्या मुंग्या, भुंगेरे, गोगलगाई यांच्या पोटांतून कोंबडीकडे येतात, आणि उकिरडा उकरणारी गांवठी कोंबडी दिवसभर हेंच वेंचीत असते. म्हणून आपण कोणत्या जंतावर औषध देत आहों तें आधीं कळलें पाहिजे. विष्ठेचा नमुना स्वच्छ डबींत घालून पशुवैद्यकीय दवाखान्यांत नेला, तर तें कळतें.

गोल जंताचा संसार असा चालतो. त्याचीं अंडीं विष्ठेंतून पडतात, ओलसर उबदार जागीं सुमारें दोन-तीन आठवड्यांत रोग देण्याजोगीं होतात, आणि कोंबडीनें तीं टिपल्यावर पांच ते आठ आठवड्यांत आंतड्यांत पुरा जंत तयार होतो. हीं अंडीं मातींत कित्येक महिने टिकतात. तेव्हां औषध देऊन खुराड्यांतील तोच पेंढा तसाच ठेवला, तर औषधाचा पैसा वायां गेला असें समजावें. औषधानंतर पेंढा काढून टाकावा, जमीन खरडावी, चुना मारावा व कडक ऊन लागूं द्यावें. आणि तो पेंढा कोंबड्या उकरतात त्याच उकिरड्यावर फेंकूं नये, नाहींतर दारानें घालविलेला पाहुणा खिडकीनें परत येतो. पावसाळ्याच्या तोंडाशीं एकदां, पावसाळ्यांत एकदां व तो सरल्यावर एकदां औषध दिलें, तर आपल्या हवेस तें योग्य होईल.

औषध दिल्यावर अंडीं किती दिवस खाऊं वा विकूं नयेत, तें वेष्टनावर पहावें. तेथें नसल्यास डॉक्टरांस विचारावें. गिऱ्हाइकास तें अंड्याकडे पाहून कळत नाहीं, म्हणूनच ही जबाबदारी आपली.

सुकलेली प्रत्येक कोंबडी जंतानेंच सुकते असें नाहीं. तीन ते सहा आठवड्यांचीं पिलें रक्ती हगवणीनें मरतात. तेथें जंताचें औषध निरुपयोगी. अँप्रोलियम द्यावें, व तें चालू असतां 'ब१' जीवनसत्त्वाचें शक्तिवर्धक देऊं नये, कारण दोघांचा परस्परांशीं विरोध आहे. मानमोडी, म्हणजे रानीखेत, हा विषाणूचा रोग. त्यावर ना जंताची गोळी चालते, ना जंतुनाशक प्रतिजैविक. पहिल्या आठवड्यांत लासोटा लसीचा थेंब डोळ्यांत व आठव्या आठवड्याच्या सुमारास दुसरी लस, हाच उपाय. आणि त्या दुसऱ्या लशीच्या आठवडाभर आधीं जंताचें औषध दिलेलें असावें. लस बर्फांतूनच आणावी. प्रतिजैविकांचा सरसकट वापर तर माणसांसहि घातक. यामुळेंच कोलिस्टिन हें औषध अन्नासाठीं पाळलेल्या जनावरांस देण्यास भारत सरकारनें २०१९ मध्यें बंदी केली.

एकाएकीं दोन दिवसांत पुष्कळ कोंबड्या मेल्या, तर औषधाच्या मागें लागूंच नये. जानेवारी २०२१ मध्यें आपल्याच मराठवाड्यांत, परभणी जिल्ह्यांतील मुरुंबा येथें कोंबड्या मोठ्या संख्येनें मेल्या, आणि तपासणींत बर्ड फ्लू निघाला. अशा वेळीं उरलेल्या कोंबड्या घाईनें बाजारांत विकून मोकळें होण्याचा मोह होतो. तोच रोग गांवोगांव नेतो. मेलेली कोंबडी उघड्या हातानें न धरतां पशुसंवर्धन खात्यास ताबडतोब वर्दी द्यावी.

बाजारांतून नवी कोंबडी आणली, तर ती तीन आठवडे निराळ्या डालग्याखालीं ठेवावी, तिचें दाणापाणी शेवटीं करावें, आणि जंताचें औषध देऊन मगच घरच्या कोंबड्यांत सोडावी.