उधारी, मुरव्वत आणि दाव्याची मुदत

भिवंडीच्या बाजारात ग्रे कापड उधारीवरच जाते. पार्टी ‘ईदनंतर देतो’ म्हणते आणि आम्ही मुरव्वतीने थांबतो. एका पार्टीसाठी आम्ही असेच थांबलो. वकिलाकडे गेलो तेव्हा दावा मुदतबाह्य झाला होता. रक्कम गेली, संबंधही राहिले नाहीत.

१९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे विकलेल्या मालाच्या किमतीचा दावा ३ वर्षांत दाखल करावा लागतो. मुदत माल दिल्यापासून, उधारीचे दिवस ठरले असल्यास ते संपल्यापासून मोजतात. तोंडी वायद्याने ती वाढत नाही. मात्र ती संपण्यापूर्वी देणेदाराने बाकी लेखी कबूल करून सही दिली, तर तेथून नवी ३ वर्षे मिळतात.

वकिलाकडे बिले, माल पोचल्याच्या सहीची चलने, खातेउतारा व नोटिशीची प्रत न्यावी. केवळ खातेवहीच्या नोंदीवर देणे शाबीत होत नाही. वादपत्रात उभय पक्षांची नावे-पत्ते, दाव्याचे कारण केव्हा घडले, कोर्टाचा अधिकार, रक्कम व मागणी असते, शेवटी सत्यापन. आमच्यासारख्या उर्दू शिकलेल्यांनी ते वाचून घेऊन, समजून मगच सही करावी. व्यापारी दावा ३ लाख वा अधिकचा असून तातडीचा हुकूम नको असेल, तर आधी मध्यस्थीचा अर्ज सक्तीचा आहे.

सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा हुकूम आहे. तेव्हा सही मागताना संकोच कशाला? दर वर्षी बाकीवर सही घ्यावी; कोर्टाची पायरी बहुधा चढावीच लागणार नाही.