पाककृतीचा पत्ता

मोबाइलवर पिठल्याची कृती शोधली तर अर्ध्या मिनिटात ढीगभर व्हिडिओ समोर येतात. मग स्वयंपाकाचं पुस्तक विकत कशाला घ्यायचं? हा प्रश्न प्रकाशकांनाही पडला असणार, कारण गेल्या दहा-पंधरा वर्षांत चांगल्या पाकपुस्तकांचा तोंडवळा बदलला आहे. नुसती कृती सांगणारं पुस्तक मागे पडतंय. पदार्थ कुठल्या घरातला, कुठल्या शिवारातला, कुणाच्या हातचा हे सांगणारं पुस्तक पुढे येतंय. रोज दोन वेळा रांधणाऱ्यांनी या पुस्तकांकडे अभ्यासकांची मिरासदारी म्हणून बघू नये. ती ओट्याशेजारी ठेवण्याजोगी आहेत.

मराठीत या बदलाचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण म्हणजे शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’. २०१५ साली आलेलं हे पुस्तक मराठवाड्यातल्या महार आणि मांग समाजांच्या खाण्याबद्दल आहे. पाटोळे स्वतः धाराशिव जिल्ह्यातले. जेवायला बसताना म्हटल्या जाणाऱ्या श्लोकाला त्यांनी पुस्तकाच्या नावातच आव्हान दिलं आहे आणि आतल्या पानांत ते आव्हान नेटाने निभावलं आहे. सात्त्विक, राजस, तामस अशी अन्नाची प्रतवारी कुणी केली आणि त्या प्रतवारीने माणसांची प्रतवारी कशी लावली, याचा हिशेब ते मांडतात. त्याचबरोबर कृतीही देतात. या कृतींत तूप, दूध, तेल यांना फारसं स्थान नाही. ते घरात नव्हतंच, तर कृतीत कुठून येणार? वजडी आहे, रक्ती आहे, मांसाच्या पट्ट्या कापून उन्हात वाळवलेल्या चान्या आहेत. फ्रीज नसलेल्या, रोज मांस परवडत नसलेल्या घरात मिळालेलं मांस पुरवून कसं वापरायचं, याचं हे शास्त्रच आहे. पुस्तक आलं त्याच वर्षी राज्यात गोहत्याबंदीचा कायदा बैल आणि वळूंपर्यंत वाढवला गेला. म्हणजे एकीकडे ही चव छापील पानावर येत होती आणि दुसरीकडे तिचा एक मोठा आधार बाजारातून जात होता. हे लक्षात ठेवून पुस्तक वाचलं की त्यातल्या प्रत्येक कृतीचं वजन वाढतं.

पाटोळेंच्या पुस्तकात येसूर आहे. काही भागांत त्याला येसर म्हणतात, आणि मराठवाड्यात लग्नकार्याच्या पंगतीत येसराची आमटी होतेच. येसर म्हणजे बाजरी, गहू, हरभऱ्याची डाळ अशी धान्यं कोरडी भाजून, धणे-मिरची-मसाल्याबरोबर दळून ठेवलेलं पीठ. रस्सा पातळ, खाणारी तोंडं जास्त, मांस किंवा डाळ थोडी, अशा वेळी मूठभर येसर रश्श्याला अंग देतं. भाजल्यामुळे धान्यातला ओलावा जातो, म्हणून पीठ महिनोन्महिने टिकतं. भाजण्याने पिष्टाचा चिकटपणाही कमी होतो, त्यामुळे रस्सा दाट होतो पण खळीसारखा लगदा होत नाही. ज्या घरात काजू-खोबऱ्याचं वाटण चढतं त्या घरानेही हे एकदा करून बघावं. एकच काळजी घ्यायची: पीठ आधी गार पाण्यात कालवायचं आणि मग उकळत्या रश्श्यात सोडायचं. थेट उकळीत टाकलं तर गुठळ्या होतात आणि त्या मग मोडत नाहीत.

या पुस्तकाच्या आधी, २००९ मध्ये, पुणे विद्यापीठाच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्राने शर्मिला रेगे यांच्या पुढाकाराने ‘इझन्ट धिस प्लेट इंडियन?’ हे पुस्तक काढलं होतं. दलित स्त्रियांच्या अन्नाच्या आठवणी आणि कृती विद्यार्थ्यांनी त्यात गोळा केल्या होत्या. भारतीय थाळी म्हणून जे दाखवलं जातं त्यात आमचं ताट का नाही, असं ते पुस्तक विचारतं. घरच्या स्वयंपाकावर लिहिणाऱ्या प्रत्येकाला या प्रश्नाला कधी ना कधी सामोरं जावं लागतं.

अर्थात आपल्याकडे पाकपुस्तकं काल-परवा सुरू झालेली नाहीत. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं ‘सूपशास्त्र’ १८७५ सालचं. १९१० मध्ये लक्ष्मीबाई धुरंधर यांचं ‘गृहिणीमित्र अथवा एक हजार पाकक्रिया’ आलं. मधल्या पस्तीस वर्षांत लेखणी पुरुषाच्या हातून बाईच्या हाती आली, हे आपल्या समाजाच्या इतिहासातलं छोटं पण महत्त्वाचं पान आहे. पण रोजच्या वापराने तेलकट झालेलं, पानं सुटलेलं आणि तरीही फेकून न दिलेलं पुस्तक कुठलं, असं विचारलं तर असंख्य मराठी घरांत एकच नाव निघेल: कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’, पहिली आवृत्ती १९७०.

‘रुचिरा’च्या यशाबद्दल बोलताना सगळे कमलाबाईंच्या हाताच्या चवीबद्दल बोलतात. माझ्या मते त्या यशात त्यांच्या वाटीचाही तेवढाच वाटा आहे. देशात दशमान वजनं सक्तीची झाली ती १९६२ मध्ये. त्यामुळे १९७० साली नव्याने संसार मांडलेल्या मुलीच्या कानावर आईचे शेर, पावशेर, छटाक होते आणि वाण्याच्या दुकानात ग्रॅम-किलो. नोकरीपायी मुंबई-पुण्याच्या दोन खोल्यांत राहायला आलेल्या त्या मुलीला शेजारी सासू नव्हती आणि घरात तराजूही नव्हता. कमलाबाई स्वतः शाळा फारशी शिकलेल्या नव्हत्या, सासूबाईंच्या हाताखाली स्वयंपाक शिकल्या होत्या. त्यांनी माप दिलं ते वाटीचं आणि चमच्याचं. वाटी प्रत्येक घरात होती.

वाटीचं हे गणित नीट समजून घ्यायला हवं, कारण नव्या पुस्तकांतली कृती बिघडते ती बऱ्याचदा इथेच. एक वाटी रवा, एक वाटी साखर, दोन वाट्या पाणी असं लिहिलं असेल तर तुमची वाटी लहान असो की मोठी, शिरा बिघडत नाही, कारण सगळ्या जिनसा एकाच मापाने वाढतात. पण त्याच कृतीत मीठ किंवा सोडा चमच्याने सांगितला असेल तर गोष्ट बदलते. वाटी मोठी निघाली तरी चमचा तेवढाच राहतो, आणि पदार्थ अळणी होतो किंवा फुगत नाही. म्हणून वाटीचं माप असलेल्या पुस्तकातून पहिल्यांदा काही करताना आपली वाटी कितीची आहे हे एकदा पाणी मोजून बघावं आणि पुस्तकाच्या पहिल्या पानावर पेन्सिलीने लिहून ठेवावं. ते पुस्तक मग खऱ्या अर्थाने तुमच्या घरचं होतं.

वाटीने किती हे कळतं, कोणतं हे कळत नाही. जुन्या पुस्तकांत नुसतं ‘तांदूळ’ लिहिलेलं असे, कारण त्या त्या भागात कुठला तांदूळ हे वाचणाऱ्याला ठाऊक होतं. आज पुण्याची मुलगी बंगळुरूत राहते आणि तिच्या दुकानातला तांदूळ वेगळा असतो. जुना तांदूळ पाणी जास्त पितो आणि मोकळा शिजतो. नवा तांदूळ चिकट होतो, आणि म्हणूनच उकडीच्या मोदकांच्या पिठीला तोच हवा. मसालेभातासाठी मात्र तो आणू नये. कृतीत हे लिहिलं नसेल तर मोदक फाटल्याचा दोष करणारी स्वतःला देते. दोष तिचा नसतो. नव्या पिढीचे चांगले लेखक हे लिहू लागलेत, आणि त्याला बाहेरचाही एक आधार मिळाला आहे. २०१६ मध्ये राज्यातल्या बऱ्याच पिकांना एकापाठोपाठ भौगोलिक मानांकन मिळालं. आजऱ्याचा घनसाळ, कोरेगावचा वाघ्या घेवडा, भिवापूरची मिरची, वायगावची हळद, जळगावची भरिताची वांगी आणि मंगळवेढ्याची ज्वारी त्यांत आहेत. मानांकनाने शेतकऱ्याच्या हातात किती जास्त पैसे पडले हा वेगळा आणि गंभीर विषय आहे. पण स्वयंपाकघरात त्याचा एक फायदा नक्की झाला: पिशवीवर गावाचं नाव आलं. ते नाव पाकपुस्तकाच्या कृतीतही यायला हवं.

मंगळवेढ्याच्या ज्वारीचंच बघा. काळ्याभोर जमिनीत रब्बीला, मातीत मुरलेल्या ओलीवर येणारी ही मालदांडी. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरं झालं आणि शहरांतल्या दुकानांत ज्वारी-बाजरी-नाचणीची पिठं सुबक पाकिटांत दिसू लागली. लोकांनी हौसेने ती आणली आणि भाकरीला तडे गेले. बहुतेक पुस्तकं ‘पीठ मळून भाकरी थापा’ यापलीकडे काही सांगत नाहीत. खरं सांगण्यासारखं आहे ते असं: गव्हात चिवटपणा देणारं ग्लुटेन असतं, ज्वारीत ते नसतं. ज्वारीचं पीठ धरून ठेवायचं काम पिष्टाला करावं लागतं आणि त्यासाठी आधणाचं पाणी लागतं. गरम पाण्याने पिठातला थोडा पिष्ट फुलतो, चिकट होतो आणि गोळा एकजीव राहतो. शिवाय पीठ जुनं असेल तर त्याची विरी गेलेली असते, मग कितीही कढत पाणी घाला, काठ फाटणारच. म्हणून ज्वारी थोडी थोडी दळून आणायची, एका वेळी एका-दोन भाकऱ्यांचंच पीठ मळायचं आणि ते तळहाताने रगडून रगडून मळायचं. भाकरी येत नाही म्हणून हिरमुसलेल्या किती जणींना आणि जणांना ही चार वाक्यं उपयोगी पडतील! पाकिटावर पोषणमूल्यांचा तक्ता छापणाऱ्यांनी तिथेच ती छापावीत, असं मला मनापासून वाटतं.

आता दुखऱ्या जागेबद्दल. मराठी स्वयंपाकावरची अलीकडची मोठी, नेटकी, कष्टाने केलेली पुस्तकं बघितली तर त्यांतली बरीच इंग्रजीत आहेत. कौमुदी मराठे यांचं ‘द इसेन्शियल मराठी कुकबुक’ पेंग्विनने २००९ मध्ये काढलं. सई कोरान्ने-खांडेकर यांचं ‘पंगत’ २०१९ मध्ये हॅशेटने काढलं. दोन्ही पुस्तकं वेगवेगळ्या समाजांच्या आणि प्रांतांच्या स्वयंपाकघरांत आदराने शिरतात. ‘पंगत’मध्ये तर कृतींइतकाच त्यांच्या मागचा गोतावळा वाचनीय आहे. परदेशात किंवा परप्रांतात वाढलेल्या मराठी मुलांना ही पुस्तकं द्यावीत. मराठी वाचता न येणाऱ्या नातवंडाला आजीच्या आमटीपर्यंत पोचवणारी ती वाट आहे. शेजारच्या तेलुगूत याचं सुंदर उदाहरण घडलं. जी. निर्मला रेड्डी यांच्या १९७४ सालच्या तेलुगू पाकपुस्तकावरून त्यांची नात अर्चना पिडातला यांनी २०१६ मध्ये ‘फाइव्ह मॉर्सल्स ऑफ लव्ह’ हे इंग्रजी पुस्तक केलं.

पण पाटोळेंचं पुस्तक नऊ वर्षं मराठीत होतं. २०२४ मध्ये भूषण कोरगांवकर यांचा अनुवाद ‘दलित किचन्स ऑफ मराठवाडा’ या नावाने हार्पर कॉलिन्सने आणला आणि मग देशभर त्याची परीक्षणं आली, चर्चा झाल्या. अनुवाद व्हायलाच हवा होता. मात्र ज्या भाषेत ते लिहिलं गेलं त्या भाषेतल्या वाचकांनी, विशेषतः स्वयंपाकाची पुस्तकं हौसेने घेणाऱ्या मध्यमवर्गाने, ते आपल्या कपाटात का आणलं नाही, हे आपण स्वतःला विचारायला हवं. आणि प्रकाशकांना विचारायचं ते असं: इंग्रजी पाकपुस्तकाला जी निगा मिळते, म्हणजे तपासून घेतलेली मापं, शेवटी पदार्थांची आणि जिनसांची सूची, पान सपाट उघडं राहील अशी बांधणी, ती मराठी पुस्तकाला का नाही? सूची नसलेलं चारशे पानी पाकपुस्तक पीठ लागलेल्या हातांनी चाळायचं म्हणजे शिक्षा आहे.

ज्यांच्या ज्ञानावर पुस्तक व्हायला हवं अशी माणसं दर पावसाळ्यात आपल्यासमोर बसलेली असतात. जूनच्या आसपास ठाणे, पालघर, रायगडच्या बाजारांत आदिवासी बायका शेवळांच्या जुड्या घेऊन येतात. पाठोपाठ टाकळा, कुर्डू, कंटोळी, भारंगी येतात. कृषी विभागाचे रानभाजी महोत्सवही आता जागोजागी भरतात. शेवळाची भाजी सीकेपी आणि पाठारे प्रभू घरांत कोलंबी किंवा खिमा घालून होते, आणि त्या घरांतून ती छापील पानांवरही आली. पण शेवळाचं मर्म रानातून खुडून आणणाऱ्या बाईला ठाऊक असतं. सुरणाच्या कुळातली ही वनस्पती आहे. तिच्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात आणि नीट रांधली नाही तर घसा विलक्षण खाजतो. त्यावर उतारा म्हणून काकडांचा रस घालतात. काकड हे त्याच मोसमात येणारं रानातलं आंबट हिरवं फळ. आंबटाने खाज मोडते हा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे. ती बाई शेवळांबरोबर काकडंही ठेवते, कोणता भाग काढून टाकायचा ते दाखवते, किती शिजवायचं ते सांगते. तिच्या स्वतःच्या घरी शेवळं कशी होतात हे गिऱ्हाईक सहसा विचारत नाही. यंदा जुडी घेताना काकडं मागून घ्या, आणि हेही विचारा. ती सांगेल ते वहीत उतरवून घ्या, तिच्या नावासकट आणि गावासकट.